यशोदाबाईंचं पीठ

मिरज, १२ नोव्हेंबर १९५७

सौ. यशोदा,

सुखरूप पोचलो. दादांचा गुडघा खरंच सुजला आहे, तेव्हा मी निमित्त काढून आलो असं जे तुझ्या मनात आहे ते काढून टाक. मळ्याची मोजणी व्हायची आहे, दादांना जवळ लिहितं-वाचतं माणूस हवं होतं. आठ-दहा दिवस लागतील.

तू स्टेशनवर आली नाहीस याचा मला राग नाही. चुलीवर भाजणं होतं, डाळ करपली असती. दारात वहिनींनी विचारलं, "एकटेच आलात?" मी म्हटलं, घरी काम आहे. तर म्हणाल्या, "काम तुमचं ना, भाऊजी? मग तुम्ही इथं कसे?" मी तांब्या उचलून हातपाय धुवायला गेलो.

आता धंद्याचं. फळीवर पुढं मेतकुटाचे डबे असू देत, झुणक्याच्या पुड्या मागं. आलेल्या माणसाच्या नजरेत आधी डबा भरला पाहिजे. डबे ओल्या फडक्यानं पुसू नकोस, 'रंगराव खराडे आणि कंपनी' ही अक्षरं आधीच फिकी पडली आहेत. कारखान्याच्या कॅन्टीनमधून माणूस आला तर सांग की मालक आल्यावर बोलतील. आणि सोपानरावांच्या गिरणीमागची खोली आपल्याला नको. आपली पडवी पुरते. त्यांनी स्वतःहून देऊ केली तरी नको म्हण. ते देऊ करतीलच.

पोती कोण उतरवतं ते कळव.

रंगराव

मिरज, २६ नोव्हेंबर १९५७

यशोदा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यांत दोनदा 'सोपानराव म्हणाले'. सोपानराव म्हणाले डाळ जरा जाडसर दळू. सोपानराव म्हणाले पोत्यांची काळजी करू नका, गडी पाठवतो. माझ्या प्रकृतीसाठी अर्धी ओळ उरली, तीही कोपऱ्यात आडवी.

सोपानराव भला माणूस आहे, मी नाही कुठं म्हणतो? चिंचवडात आपण नवे होतो तेव्हा पहिलं दळण त्यानंच आधी घेतलं. पण बायको जाऊन सहा वर्षं झालेला माणूस दुसऱ्याच्या बायकोला डाळ कशी दळावी हे समजावत गिरणीच्या पायरीवर उभा राहतो, तेव्हा येणारे-जाणारे काय बघतात हे तुला कळत नाही. मला कळतं. मी बारा वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसून माणसांची तोंडं वाचली आहेत.

ती बँक मी सोडली, हे विसरू नकोस. कर्जखात्यात हेडक्लार्क होतो, दोन वर्षांत एजंट होऊन अख्खी शाखा माझ्या हाताखाली आली असती. दुसऱ्यांच्या धंद्याचे कागद तपासता तपासता वाटलं, आपणही काहीतरी उभं करावं. राजीनामा दिला त्या दिवशी सगळे हसले. एकानं तर विचारलं, "खराडे, मेतकूट विकणार? ते तर आमच्या घरी आजी करते." मी तुला पुण्याच्या खोलीतून चिंचवडला आणलं, कारण भाडं कमी होतं आणि मला दिसत होतं की या रस्त्यावर कारखाने उभे राहणार. पिंपरीत औषधांचा कारखाना आला तेव्हा कुणाचं म्हणणं खरं ठरलं? तू तर महिनाभर रडत होतीस, इथं पाणी लांब म्हणून.

मेतकूट चाललं नाही हे मी नाकारत नाही. एजंटसाहेबांच्या पत्नीनं स्वतः शिकवलं होतं मला, वासात फरक नव्हता. सदाशिव पेठेत डबा उघडून दाखवला की बायका मान हलवायच्या. मग विचारायच्या, "आपलं आडनाव?" खराडे म्हटलं की डबा हळूच टेबलावर परत. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. 'अजून बाजार तयार व्हायचाय' असं सांगायचो. असो.

मोजणीला वेळ लागेल. गडी एकटा येतो की सोपानराव बरोबर असतात?

रंगराव

मिरज, १९ डिसेंबर १९५७

यशोदा,

शेजारच्या ज्योतीरामचं पत्र आलं. निघताना मी त्याला सांगून आलो होतो, घरावर लक्ष ठेव आणि आठवड्याला लिहीत जा. यात चोरटं काही नाही. बाई माणूस एकटं, मागं कुणीतरी असावं. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो.

त्यानं दोन पानं भरली आहेत आणि सगळी तुझ्यावर. दापोडीच्या वर्कशॉपातली पोरं पगाराच्या दिवशी थेट आपल्या पडवीत येतात. पिंपरीचे येतात. भोसरीचा कुणीतरी सायकलवर पोतं टाकून घेऊन गेला. 'वहिनींशी बोललं की गावाकडं गेल्यासारखं वाटतं' असं ज्योतीराम लिहितो. आणि पुढं लिहितो, 'दादा, लोक कंपनीचं नाव विचारतच नाहीत. यशोदाबाईंचं पीठ द्या म्हणतात.'

लक्ष ठेवायला सांगितलेल्या माणसानं असं लिहावं! त्याची बायको कौशल्याबाई तुझ्याकडं पुड्या बांधते, मग दुसरं काय लिहिणार म्हणा.

पुडी कशी सुरू झाली ते मला आठवतं. ज्योतीरामची बायको अजून बीडला होती, तो रोज पाळीवरून येऊन स्टोव्हवर झुणका करपवायचा आणि धूर आपल्या घरात. एक दिवस तू बेसन भाजून, त्यात मिरची, लसूण, चाकणच्या बाजारातला कांदा वाळवून घातलास आणि त्याच्या हातात पुडी दिलीस. "नुसतं उकळत्या पाण्यात टाका, भाऊ, आणि हलवत राहा." दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतले चौघे दारात. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "अहो, हे विकू या का?" मी हसलो. हरभऱ्याच्या पिठाला पैसे कोण देणार, असं म्हणालो. मेतकुटाचे डबे मागं भिंतीला लागले होते आणि मी हसलो.

आता नव्या लेबलचं. तू मला न विचारता छापायला टाकलंस, वर 'सौ. यशोदाबाई खराडे' असं. बाजारात बाईचं नाव चांगलं दिसत नाही असं मी कळवलं, तर तुझं उत्तर आलं, "आडनाव तुमचंच आहे." हे उत्तर तुला कुणी सुचवलं? तू अशी बोलत नव्हतीस. पुण्यात भाजीवालीशी बोलायलाही मला पुढं करायचीस.

मला इथं करमतं. दादा आणि मी संध्याकाळी पटावर बसतो.

रंगराव

मिरज, २२ जानेवारी १९५८

यशोदा,

कॅन्टीनची ऑर्डर तू स्वतः जाऊन घेतलीस हे कळलं. साहेबांपुढं खुर्चीवर बसलीस म्हणे. ठीक. आणि ऐन त्या आठवड्यात सोपानरावांनी दळण घ्यायचं बंद केलं, हेही कळलं. मला वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. मी आधीच सांगत होतो, परक्या माणसाच्या भरवशावर धंदा उभा करू नये. आज देतो म्हणणारा उद्या नाही म्हणतो. कारण विचारायच्या भानगडीत पडू नकोस. गिरणीवाल्यांची कारणं काय, पट्टा तुटला, वीज नाही.

ऑर्डर चुकली तर चुकू दे. कॅन्टीनला चिठ्ठी पाठव की मालक बाहेरगावी आहेत. मी लगेच येऊन सगळं सांभाळतो. तू फक्त 'या' इतकं लिही.

तुझा,
रंगराव

मिरज, ३ फेब्रुवारी १९५८

यशोदा,

हो. मी लिहिलं होतं त्यांना पत्र.

सोपानरावांनी ते तुला वाचून दाखवावं अशी माझी कल्पना नव्हती. मला वाटलं, मनाला लागेल आणि गप्प राहतील. मी काही शिवीगाळ केली नव्हती. 'आपण विधुर, माझी पत्नी एकटी, लोक बोलू लागले आहेत, तरी आपण अंतर ठेवावं' इतकंच लिहिलं. लोक बोलत नव्हते हे तू म्हणतेस. असेल. मी बोलत होतो, मनातल्या मनात, रात्रंदिवस, आणि मला वाटायचं एवढा मोठा आवाज सगळ्यांचाच असणार.

तुझं सात ओळींचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मी आळीतल्या बायकांच्या घरची जाती मागितली. सगळ्यांनी मिळून दळलं. ऑर्डर पोचली. आता मला पत्र लिहू नका.' ज्योतीरामनं मात्र त्याची लग्नघराची गोष्ट केली. सहा जाती एका ओळीत, बायका ओव्या म्हणतायत, निर्वासितांच्या कॅम्पातल्या दोन सिंधी बायका चाळणी धरून बसल्या आहेत, ओव्या कळत नाहीत तरी हसतायत, आणि मधोमध तू. वाचताना मला ऑर्डर पोचल्याचा आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. वाटलं, मी दोर कापला तरी ही पडली नाही. वाटलं, तिथं माझ्यावाचून काही म्हणता काही अडत नाही.

मी तरी काय करणार होतो? ज्या दिवशी निघालो त्या दिवशी पडवीत चार बायका पुड्या बांधत होत्या. कॅन्टीनचा माणूस आला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई आहेत का?" मी दारात उभा, मालक, आणि तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, सोपानरावांची खोली मिळाली तर एवढा माल निघेल. मग माझ्या तोंडून ते गेलं. "त्या गिरणीतच राहायला जा ना, दळण तरी फुकट पडेल." कौशल्याबाईंच्या हातातली पुडी तशीच राहिली. तू परातीतली डाळ हलवत होतीस, हलवत राहिलीस. एवढंच म्हणालीस, "गाडी चुकेल तुमची." मला कुठं जायचं होतं तेव्हा? गाडीचं नाव तुझ्याच तोंडून पहिल्यांदा निघालं. दादांचा गुडघा मला स्टेशनवर तिकीट काढताना सुचला.

आता ऐक. इथल्या एका बँकेत जागा आहे. दादांची ओळख आहे, माझा अनुभव ते जाणतात. पहिल्या मार्चपासून बोलावलं आहे. मी हो म्हणणार आहे. तू तिकडचं आवर, भांडीकुंडी विक, जाती परत कर आणि इकडं ये. इथं स्वतंत्र दोन खोल्या मिळतील. तुला पुन्हा चुलीपुढं घाम गाळावा लागणार नाही. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर मी समजायचं ते समजेन.

रंगराव

मिरज, १७ मार्च १९५८

यशोदा,

उत्तर आलं नाही. बँकेत अजून गेलेलो नाही, त्यांना आठ आठ दिवसांची मुदत मागतो आहे.

पत्र लिहू नका असं तू बजावलंस, तरी हे लिहिणं भाग आहे, कारण गेल्या शनिवारी मी तिकडं आलो होतो. तुला कळवलं नाही. आलो ते भांडायला. गाडीतून उतरलो, घरी न जाता आधी पिंपरीला कारखान्याच्या फाटकासमोर गेलो, कारण पाळी सुटताना तू तिथं बसतेस असं ज्योतीरामनं लिहिलं होतं. रस्त्यापलीकडं लालमहंमदचं चहाचं दुकान आहे. तिथं बाकावर बसलो, टोपी कपाळावर ओढून, चोरासारखा.

तू लिंबाखाली टेबल मांडून बसली होतीस. हिरवं लुगडं नवं दिसलं. भोंगा झाला, माणसं सुटली आणि तुझ्याभोवती जमली. मी त्यांच्यात सोपानरावांचा फेटा शोधत होतो. खरं सांगतो, त्यासाठीच आलो होतो. एकदा डोळ्यांनी दिसला असता म्हणजे माझं सगळं बरोबर ठरलं असतं.

फेटा काही दिसला नाही. एक काळासावळा पोरगेला कामगार तुला काहीतरी म्हणाला. तू त्याला म्हणालीस, आवाज रस्त्यापलीकडं ऐकू आला, "अरे, गुठळ्या होतात कारण तू पाणी उकळायच्या आधीच टाकतोस. धीर नाही तुला. बायको कशी नांदेल?" सगळे हसले आणि तू हसलीस. मान मागं टाकून हसलीस. पंधरा वर्षांच्या संसारात ते हसणं मी पाहिलं नव्हतं.

मी लालमहंमदला विचारलं, "गिरणीवाले सोपानराव इकडं येतात का?"

तो म्हणाला, "नाही साहेब. पूर्वी बाईंची पोती सोडायला यायचे. आता बरेच दिवस दिसले नाहीत. कुणी काहीतरी लिहिलं म्हणे त्यांना. गैरसमज झाला. पण बाई तर रोज येतात. पीठ हवंय का? मागवतो."

त्यानं एक पुडी आणून माझ्यापुढं ठेवली. मी ती घेऊन स्टेशनवर गेलो आणि पहिल्या गाडीनं परत फिरलो.

गाडीत माझी पंचाईत झाली. सोपानराव तिथं नव्हते, तरी छातीतली आग तशीच होती, उलट वाढली होती. मग ती कुणावर? पुणं गेलं, सातारा रोड गेलं, तरी सुचेना. कराडच्या आसपास सुचलं. मला त्यांचा मत्सर नव्हताच कधी. मला तुझा मत्सर वाटतो, यशोदा. मी बँक सोडली, लोकांचं हसणं मी सोसलं, सदाशिव पेठेत डबे घेऊन मी फिरलो, आणि लोकांनी हाक तुला मारली. लिंबाखालच्या त्या टेबलाशी बसायचं स्वप्न माझं होतं. त्यावर तू बसलीस आणि शोभलीस. परपुरुषाचा संशय घेणं मला सोपं गेलं. पुरुषाला तो घेता येतो, लोकही समजून घेतात. बायकोचा हेवा वाटतो हे मी दादांनाही सांगू शकलो नाही.

इथं आल्यावर वहिनी देवळात गेल्या होत्या तेव्हा मी पाणी उकळलं आणि तुझी पुडी त्यात सोडली. हे पीठ मी कधी खाल्लं नव्हतं. गेलं दीड वर्ष घरात होतं, आणि मी मेतकूट-भात खात होतो. आधी म्हटलं, तिखट जास्त आहे. मग म्हटलं, मीठ कमी आहे. पातेलं संपलं तोवर आणखी काही सापडलं नाही.

तू लिहू नकोस म्हटलंस, मी लिहिलं. उत्तर दे अगर देऊ नकोस.

रंगराव

चिंचवड, ३० मार्च १९५८

यशोदा,

हे पत्र सोपानरावांच्या गिरणीच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. ज्योतीराम पाळीवरून जाता जाता भेटला, त्याच्याच हाती देतो.

तुझं कार्ड काल मिळालं. 'बँकेत जायचं तर जा. मी इथून हलणार नाही. तुम्ही बँक सोडली नसती तर मला हे कधी सुचलंच नसतं, हे मी सगळ्यांना सांगते. पण माझ्या घरी यायचं तर आधी सोपानरावांच्या गिरणीत जा.' 'माझ्या घरी' असं तू लिहिलंस. पूर्वी 'आपल्या' लिहायचीस. मी ते वाचून दिवसभर धुमसत राहिलो. आणि रात्रीची गाडी धरली.

सकाळी आलो तेव्हा गिरणीत दहा-बारा बायामाणसं दळण घेऊन उभी होती. मी ठरवलं होतं, गर्दी ओसरली की बोलू. पण सोपानरावांनी मला बघितलं आणि पट्टा उतरवून गिरणीच बंद केली. एकदम शांत झालं. सगळे माझ्याकडं बघू लागले. मग इलाज नव्हता. मी म्हटलं, "सोपानराव, मी तुम्हाला जे पत्र लिहिलं त्यात एक अक्षर खरं नव्हतं. तुमच्यावर आणि माझ्या बायकोवर मी खोटा आळ घेतला. सगळ्यांदेखत माफी मागतो."

ते हातावरचं पीठ झटकत राहिले. मग म्हणाले, "तुमचं पत्र आलं त्या दिसापास्नं मी तुमच्या आळीतनं गेलो न्हाई, रंगराव. आईला डागदरकडं न्यायची तरी लांबचा वळसा घातला. म्हनलं, बाईमानसाच्या नावाला आपल्यापायी डाग नगं."

मी पुन्हा हात जोडले.

"माझी माफी काय मागताय? तुमच्यापायी त्या बाईनं हप्ताभर जातं वढलं. तिचं हात बघा जावा आदी." एवढं बोलून त्यांनी पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. क्षमा केली की नाही ते कळलं नाही. पण थोड्या वेळानं तांब्याभर पाणी माझ्यापुढं आणून ठेवलं, आणि ओरडून म्हणाले, "बाईंना सांगा, डाळ धाडा म्हनावं. उद्या पयला घाना त्यांचा."

इथून आपलं, म्हणजे तुझं, घर दिसतं. दारात पोती आहेत. कौशल्याबाई दोनदा बाहेर येऊन गेल्या. तू आली नाहीस. माझ्यानं उठवत नाही.

एक सांगतो आणि संपवतो. आत्ता हे लिहीत असताना एक म्हातारी ओट्याशी आली. मुलगा कारखान्यात आहे म्हणाली, आणि मला विचारलं, "यशोदाबाईंचं पीठ कुटं मिळतं, दादा?" मी हात करून घर दाखवलं. हसून दाखवलं. आणि तरी आत चटका बसलाच. ते पत्र लिहिताना बसला होता तसाच, जरा कमी, पण तोच. माफी मागितली म्हणून तो गेलेला नाही. उद्या तुझ्या टेबलाशी पोती टाकायला उभा राहीन, लोक तुला हाक मारतील, तेव्हाही बसेल. मी तो लपवणार नाही एवढंच कबूल करतो, आणि सोपानरावांच्या नावावर टाकणार नाही.

मला घरात घ्यायचं तर असं, या चटक्यासकट घ्यावं लागेल. विचार करून ज्योतीरामला सांग. हो म्हणालीस तर मी पोती आत घेतो, ऊन तापायला लागलं आहे.

रंगराव